रिठ्याचा फेस लशीत का चालत नाही? (ॲडज्युवंट, साबणझाड आणि म्हशीच्या मानेवरची गाठ)

कळंबा_लॅब
बी.एस्सी.च्या तिसऱ्या वर्षाच्या एका गटाला प्रकल्पाचा विषय द्यायचा आहे. पोरांनी स्वतःच काढलेला मुद्दा असा: लशीचा परिणाम वाढवायला जी द्रव्यं घालतात (ॲडज्युवंट), त्यातलं क्यूएस-21 चिलीतल्या क्विलाया नावाच्या झाडाच्या सालीतून येतं. तिकडे ती साल पूर्वापार साबणासारखी वापरायचे. फेस येतो तो सॅपोनिनमुळे. सॅपोनिन तर आपल्या रिठ्यात आणि शिकेकाईतही आहे. मग चिलीची साल कशाला, रिठा का नाही? आणि पदवीच्या प्रयोगशाळेत यातलं काय करून बघता येईल?

पेठेतला_गडी
रिठा टोचला तर केस आतून धुतले जातील का भावा?

सुई_आणि_सिरिंज
गमतीत म्हणताय, पण उत्तराच्या जवळ आहात. सॅपोनिन पेशीच्या आवरणातलं कोलेस्टेरॉल पकडतं आणि आवरणाला भोकं पाडतं. शुद्ध न केलेला रिठ्याचा अर्क शिरेत गेला तर लाल पेशी फुटतील, स्नायूत टोचला तर तिथलं मांस कुजेल. पूर्वी नदी-ओढ्यात रिठा कुटून टाकला की मासे वर यायचे, तेही यामुळेच. कल्ल्यांची नाजूक आवरणं आधी जातात.

जनावरांच्या लशीत मात्र सॅपोनिन वर्षानुवर्षं आहे. लाळ्या-खुरकूतच्या जुन्या लशी ॲल्युमिनियम हायड्रॉक्साइडच्या जेलवर असायच्या आणि बऱ्याच लशींत जोडीला सॅपोनिन. ते सॅपोनिन क्विलायाचंच, रिठ्याचं नव्हे.

हलगीवाला
ॲडज्युवंट नेमकं काय करतं, हे सोप्या भाषेत सांगा की कुणीतरी. इथे अर्धे जण "इम्युनिटी बूस्टर" समजून वाचत असणार.

पेशी_मास्तर
तुमच्याच नावात उत्तर आहे. अँटिजेन (लशीतला जंतूचा ओळख पटवणारा भाग) म्हणजे बातमी, ॲडज्युवंट म्हणजे हलगी. हलगी कडाडल्याशिवाय गल्ली बाहेर येत नाही. शुद्ध प्रथिन एकटंच टोचलं तर डेंड्रायटिक पेशी (शरीरातले पहारेकरी) त्याच्याकडे फारसं लक्ष देत नाहीत. शरीराला "काहीतरी बिघडलंय" हा इशारा त्याच जागी आणि त्याच वेळी मिळावा लागतो. काढा आणि ॲडज्युवंट यांतला फरक इथेच आहे. काढ्याची हलगी रोज साऱ्या गावभर वाजते आणि बातमी काहीच नसते.

इतिहासही मजेशीर आहे. 1925 साली फ्रान्समध्ये गास्तों रामों घोड्यांना घटसर्पाचं (माणसाच्या डिप्थेरियाचं) टॉक्सॉइड (निर्विष केलेलं जिवाणूचं विष) टोचून अँटिटॉक्सिन (त्या विषावरचा उतारा) काढत होते. ज्या घोड्यांना टोचल्या जागी गळू झालं, त्यांच्या रक्तात अँटिटॉक्सिन जास्त निघालं. मग त्यांनी मुद्दाम सूज आणायला टॅपिओका, पावाचा चुरा, अगार, लेसिथिन, सॅपोनिन असं काय काय मिसळून पाहिलं. पुढच्याच वर्षी इंग्लंडात ग्लेनी यांनी तुरटीने साका केलेलं टॉक्सॉइड वापरलं आणि ते टिकलं. आजही जगात सर्वाधिक वापर ॲल्युमिनियमच्या क्षारांचाच आहे.

उपवासाची_बटाटी
टॅपिओका म्हणजे साबुदाणाच ना? मग ती लस चतुर्थीला चालली असती!

पेठेतला_गडी
पावाच्या चुऱ्यानं मोडला की उपास.

म्हशीचा_डॉक्टर
वर "घटसर्प" शब्द आलाय त्यावर टीप, नाहीतर आमचे शेतकरी गोंधळतील. गाई-म्हशींचा घटसर्प हा पाश्चुरेला जिवाणूचा, डिप्थेरियाशी त्याचा काही संबंध नाही. त्याची लस पावसाळ्याआधी, मे-जूनपर्यंत टोचतात. ती तुरटीवरही येते आणि तेलावरही.

आता कामाचं. इथल्या दूध संस्थांच्या गावात दर फेरीला तेच प्रश्न येतात: मानेवर गाठ का आली, दूध का उतरलं, आणि मग टोचायचंच कशाला. गाठ ही ॲडज्युवंटची खूण आहे. तेलाच्या लशीत पाण्यातला अँटिजेन तेलाच्या थेंबांत अडकवलेला असतो आणि तेल सावकाश विरघळतं, म्हणून गाठ काही आठवडे राहू शकते. कडक, थंड, न दुखणारी गाठ असेल तर हात लावू नका. गरम, दुखरी, मऊ पडत चाललेली असेल तर तो सुईच्या घाणीचा गळू आहे, तो डॉक्टरला दाखवा. दूध एखाद-दोन दिवस उतरतं आणि परत येतं.

मात्रा लेबलवर असते तीच. लाळ्या-खुरकूतच्या तेलाच्या लशी मोठ्या जनावराला बहुतेक 2 मिली, मानेच्या स्नायूत खोल. वासराला पहिली चौथ्या महिन्यात, महिन्याने बूस्टर, मग दर सहा महिन्यांनी. जंताचं औषध टोचणीच्या दोन-तीन आठवडे आधी. फ्रीजमधून काढल्या काढल्या टोचू नका. थंड तेल घट्ट असतं, सिरिंजमध्ये ओढताना हवा येते आणि मात्रा कमी जाते. हातात धरून जरा कोमट होऊ द्या, बाटली हळू उलटसुलट करा. फेस येईपर्यंत झटकू नका.

गडहिंग्लज_मेडिकल
डॉक्टर, बर्फाचंही सांगा. लस खराब होते ती उन्हानं, असंच सगळे समजतात. खेपेला निघताना गोठलेला आइसपॅक थेट बाटलीला चिकटवतात आणि तिथेच लस मरते.

म्हशीचा_डॉक्टर
बरोबर बोललात. ॲल्युमिनियमच्या जेलवरची कोणतीही लस (जनावराची असो वा माणसाची) 2 ते 8 अंशांत ठेवायची, गोठवायची नाही. गोठली की जेलचे बारीक कण एकमेकांना चिकटून मोठे होतात, त्यांच्यावर बसलेला अँटिजेन नीट राहत नाही. वितळल्यावर ती पुन्हा दुधासारखी दिसते, म्हणून फसायला होतं. आइसपॅक बाहेर काढून त्याला घाम फुटू द्यायचा, हलवला की आत पाण्याचा आवाज आला पाहिजे, मगच पेटीत.

संशय असेल तर शेक टेस्ट. त्याच कंपनीची, त्याच बॅचची एक बाटली मुद्दाम रात्रभर गोठवायची आणि सकाळी वितळवायची. ही आणि संशयित बाटली एकाच हातात धरून 10-15 सेकंद हलवायच्या आणि सपाट टेबलावर शेजारी शेजारी ठेवायच्या. अर्धा तास बघत बसायचं. गोठवलेलीत कण भराभर तळाला जातात आणि वर नितळ पाणी उरतं. संशयित बाटली तिच्याइतक्याच वेगानं किंवा जास्त वेगानं बसली तर फेकून द्या, सावकाश बसली तर वापरा. जेल नसलेल्या लशीला ही चाचणी लागू नाही. लम्पीसाठी टोचतात ती शेळ्यांच्या देवीची लस जिवंत विषाणूची आहे. तिच्यात ॲडज्युवंटच नसतं, त्यामुळे तिथे हलवून काही कळणार नाही.

सुई_आणि_सिरिंज
तेलाच्या लशीबद्दल एक ओळ ठळक अक्षरात हवी. टोचताना जनावर हललं आणि सुई स्वतःच्या बोटात गेली, तर थेंबभर तेलही हलक्यात घ्यायचं नाही. खनिज तेल बोटाच्या बंद जागेत पसरतं, सुजेमुळे रक्त पोचत नाही आणि बोट जातं. सुरुवातीला दुखतही नाही फारसं. लगेच शल्यचिकित्सकाकडे, लशीचा कागद सोबत घेऊन. जखम उघडून धुवावी लागते, नुसता टिटॅनसचा डोस घेऊन घरी बसायचं नाही.

कळंबा_लॅब
छान माहिती मिळतेय, पण रिठा?

पेशी_मास्तर
येतो रिठ्यावर. आधी क्विलाया.

1974 मध्ये डॅल्सगार्ड यांनी सालीच्या अर्कातून क्विल-ए वेगळं केलं. ते जनावरांना चाललं, माणसाला फार झोंबरं. क्विल-ए हे एक रसायन नाही, डझनावारी सॅपोनिनांची मिसळ आहे. पुढे एचपीएलसी (मिश्रणातले घटक वेगळे करणारं यंत्र) स्तंभातून ते वेगळे केले आणि आलेखातल्या ज्या शिखरात परिणाम जास्त आणि विषारीपणा सोसण्याजोगा होता, ते 21 वं शिखर. तेच क्यूएस-21. एकाच सालीतले शेजारी-शेजारी सॅपोनिनही एकसारखे वागत नाहीत, तर दुसऱ्या झाडाचे कुठून वागणार?

आता रचना. क्यूएस-21 चा कणा क्विलाइक आम्ल. त्यावर एका ठिकाणी आल्डिहाइड गट आहे, जो टी पेशीच्या पृष्ठावरच्या अमाइनशी जुळतो असं मानतात. दोन बाजूंना साखरेच्या साखळ्या आहेत आणि एका साखळीला स्निग्ध शेपूट. रिठ्यातल्या सॅपोनिनांचा कणा बहुतांशी हेडेराजेनिन. जिथे क्विलायात आल्डिहाइड आहे, तिथे रिठ्यात नुसता हायड्रॉक्सिल. शिवाय ती लांब स्निग्ध शेपूट नाही. फेसाला एवढं पुरतं, कारण फेसाला एक टोक पाण्याचं आणि एक टोक तेलाचं हवं, बस्स. ॲडज्युवंट व्हायला ते पुरत नाही.

शाहूपुरी_केमिस्ट
शेपटाबद्दल थोडं अधिक. ती एस्टर बंधाने जोडलेली असते आणि हाच क्यूएस-21 चा दुबळा सांधा. सामू सातच्या वर आणि उष्णता असली की बंध तुटतो, शेपूट गळते. म्हणून ते जरा आम्लाकडे झुकलेल्या बफरमध्ये ठेवतात. दुसरी युक्ती लायपोसोमची (स्निग्ध रेणूंचे सूक्ष्म फुगे). लायपोसोममध्ये आधीच कोलेस्टेरॉल घातलेलं असतं, सॅपोनिन त्यालाच चिकटून बसतं, मग रक्तपेशींच्या कोलेस्टेरॉलकडे वळत नाही. पेशी फोडणं थांबतं, शेपूटही बरीच टिकते. एएस01 हे असंच मिश्रण. नागिणीच्या शिंग्रिक्स लशीत एका मात्रेला क्यूएस-21 50 मायक्रोग्रॅम आणि एमपीएल 50 मायक्रोग्रॅम असतं. दुकानदारांसाठी: पावडर आणि द्रव वेगळ्या कुप्यांत येतात, मिसळल्यावर 6 तासांत टोचायची, गोठली तर टाकायची. स्नायूतच द्यायची, कातडीखाली दिली तर सूज-लाली वाढते. त्या दिवशी हात दुखणार, हे आधीच सांगून ठेवा.

एमपीएलही निसर्गातलंच. साल्मोनेला मिनेसोटा जिवाणूच्या भिंतीतला लिपिड ए घ्यायचा, त्याचा एक फॉस्फेट आणि एक स्निग्ध साखळी उडवायची. तापाची आग बरीच उतरते, टीएलआर4 ला (जिवाणू ओळखणाऱ्या पेशीवरच्या ग्राहकाला) मिळणारा इशारा राहतो.

हलगीवाला
म्हणजे विषमज्वराच्या भावकीतला माणूस दात काढून नोकरीला ठेवला!

पेशी_मास्तर
नेमकं.

क्विलायाचीच दुसरी वाट पुण्यामार्गे जाते. मॅट्रिक्स-एम म्हणजे क्विलाया सॅपोनिन, कोलेस्टेरॉल आणि फॉस्फोलिपिड यांचे सुमारे 40 नॅनोमीटरचे पिंजरे. त्यात अ आणि क असे दोन अंश वेगवेगळ्या पिंजऱ्यांत बांधून 85:15 प्रमाणात मिसळतात. हिवतापाच्या आर21 लशीत हेच आहे. ती सीरम इन्स्टिट्यूट बनवते आणि जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2023 मध्ये तिची शिफारस केली. आफ्रिकेतल्या पोराच्या दंडात पुण्याची लस आणि तीत चिलीच्या झाडाची साल, असा प्रवास आहे हा.

कागलचा_कारभारी
झाडं पुरतील का एवढी?

शाहूपुरी_केमिस्ट
हिशेब करा. मात्रेला 50 मायक्रोग्रॅम, 10 कोटी मात्रांना शुद्ध क्यूएस-21 लागेल 5 किलो. ऐकायला थोडं, पण सालीत त्याचं प्रमाण फार कमी आणि शुद्धीकरणात गळती. साल मोठ्या वाढलेल्या झाडांची लागते. म्हणून दुसऱ्या वाटा निघाल्या: ऊतिसंवर्धित रोपं, टाकीत वाढवलेल्या पेशी, आणि 2024 मध्ये अख्खा रेणू यीस्टमध्ये बनवून दाखवला गेला. यीस्टवाल्या वाटेचं उत्पन्न अजून अगदी कमी आहे, उद्या सकाळी कारखाना निघेल असं नाही.

गुऱ्हाळ_बंद_आहे
यीस्टचं नाव निघालं म्हणून. शार्कच्या यकृताचं तेल, म्हणजे स्क्वालीन, तेही लशीत असतं ना? त्याला उसाचा पर्याय आहे असं वाचलंय. कोल्हापूरकरांनी ऐकून घ्यावं.

शाहूपुरी_केमिस्ट
खरं आहे. एमएफ59 हे स्क्वालीन पाण्यात फेटलेलं पायस, 1997 पासून ज्येष्ठांच्या फ्लूच्या लशीत आहे. मात्रेला स्क्वालीन 9.75 मिलीग्रॅम, सोबत पॉलिसॉर्बेट 80 आणि स्पॅन 85, थेंब सुमारे 160 नॅनोमीटरचे. थेंब एवढे बारीक लागतात कारण नंतर सगळं 0.22 मायक्रॉनच्या गाळणीतून न्यायचं असतं. थेंब मोठे राहिले की गाळणी तुंबते आणि बॅच गेली. दुसरी अडचण हवेची. स्क्वालीनमध्ये सहा दुहेरी बंध, ऑक्सिजन लागला की खवट होतं, म्हणून नायट्रोजनखाली ठेवतात. सौंदर्यप्रसाधनात मिळतं ते स्क्वालेन, त्यात दुहेरी बंध नाहीत. नावात एका अक्षराचा फरक पण माल वेगळा, लशीसाठी एकाच्या जागी दुसरं घेऊ नये.

उसाचं असं: उसाच्या साखरेवर यीस्ट पोसून फार्नेसीन हा 15 कार्बनचा रेणू काढतात, असे दोन जोडले की 30 कार्बनचं स्क्वालीन. ब्राझीलच्या उसावर हे झालंय, लशीच्या पायसात तपासूनही पाहिलंय. 100 कोटी मात्रांना साधारण 10 टन स्क्वालीन पुरतं. आपल्या ट्रॅक्टरच्या एका ट्रॉलीत ऊसही जवळपास तेवढाच मावतो.

गुऱ्हाळ_बंद_आहे
एफआरपी कोण देणार त्याला?

कागलचा_कारभारी
राजगिऱ्याच्या तेलातही स्क्वालीन असतं म्हणे.

शाहूपुरी_केमिस्ट
असतं, वनस्पती तेलांत उठून दिसावं इतकं. पण दाण्यात मुळात तेलच थोडं. लाडूच करा त्याचे.

वैद्य_अंबाबाई_रोड
इथे आयुर्वेदाला मोडीत काढायची घाई दिसते. पुण्यात 2004 च्या सुमारास डीपीटी टोचलेल्या उंदरांना शतावरीचा पाण्यातला अर्क तोंडावाटे 15 दिवस दिला, अँटिबॉडी वाढल्या. हा प्रसिद्ध झालेला अभ्यास आहे.

पेशी_मास्तर
वैद्यराज, तो अभ्यास मलाही ठाऊक आहे आणि मोडीत कुणी काढत नाहीये. मघाशी काढ्यावर जरा घसरलो, मान्य. पण तोंडावाटे अर्क देऊन प्रतिसाद वाढणं वेगळं आणि लशीच्या बाटलीत ते द्रव्य बसवणं वेगळं. बाटलीत बसवायला रेणू कोणता, किती, दोन वर्षांनी तो तेवढाच शिल्लक आहे का, ही तीन उत्तरं लागतात. "अर्क" म्हटलं की तिन्ही अडतात, कारण पावसाळ्यातली आणि उन्हाळ्यातली शतावरी एक नसते.

शिवाय एक सापळा आहे, त्यात चांगले चांगले पडतात. मातीतल्या मुळाच्या अर्कात ग्राम-निगेटिव्ह जिवाणूंचं एंडोटॉक्सिन हमखास असतं आणि ते स्वतःच जबरदस्त ॲडज्युवंट आहे. उकळून जात नाही, गाळून जात नाही. मग श्रेय मुळाला मिळतं आणि काम केलेलं असतं घाणीनं. प्रतिकारशास्त्रज्ञ चार्ल्स जेनवे यांनी 1989 मध्ये ॲडज्युवंटना आपल्या शास्त्राचं "डर्टी लिटल सीक्रेट" म्हटलं होतं, ते काही उगाच नाही. उपाय: एलएएल चाचणी (एंडोटॉक्सिन मोजायची) करा, आणि अर्काचा एक भाग पॉलिमिक्सिन बी स्तंभातून नेऊन एंडोटॉक्सिन काढा. परिणाम तरी राहिला तर वनस्पतीचा, नाहीतर मातीचा.

वैद्य_अंबाबाई_रोड
एंडोटॉक्सिनचा मुद्दा मान्य. उंदीर आणि माणूस हा फरकही मीच जोडतो.

उपवासाची_बटाटी
एक शंका. ॲडज्युवंट अँटिजेन धरून ठेवतं, हळूहळू सोडतं, असंच शाळेत शिकवतात. डेपो. ते खरं ना?

पेशी_मास्तर
तुरटीच्या बाबतीत अर्धवट. उंदरांत टोचलेली जागाच 2 तासांनी कापून काढली, तरी प्रतिसाद जवळपास तसाच आला. म्हणजे महत्त्वाचं पहिल्या काही तासांत घडून जातं. तेलाच्या लशीत मात्र डेपोचा वाटा मोठा, म्हणून डॉक्टरांची ती गाठ.

कळंबा_लॅब
सगळ्यांचे आभार, आता प्राण्यांचा नाद सोडला. त्याला संस्थेच्या प्राणी नैतिकता समितीची परवानगी लागते, पदवीला ते झेपणार नाही. टोचाटोची न करता काय दाखवता येईल?

सुई_आणि_सिरिंज
"फेस म्हणजे ॲडज्युवंट नव्हे" हेच दाखवा. दोन मोजमापं, चार वनस्पती: रिठा, शिकेकाई, ज्येष्ठमध, आणि मिळालं तर बाजारातलं क्विलाया सॅपोनिन.

पहिलं फेसाचा अंक. भुकटी 1 ग्रॅम, 100 मिली उकळत्या पाण्यात 30 मिनिटं मंद आचेवर, गार करून गाळा, पुन्हा 100 मिली करा. सारख्या मापाच्या 10 परीक्षानळ्या. पहिलीत 1 मिली, दुसरीत 2, असं दहावीत 10, आणि सगळ्या पाण्यानं 10 मिलीपर्यंत. बूच लावून आडव्या 15 सेकंद हलवा, सेकंदाला दोन हेलकावे. 15 मिनिटं ठेवा आणि फेसाची उंची मोजा. ज्या नळीत बरोबर 1 सेंमी, तिच्यातल्या मिलीलिटरने 1000 ला भागा. चौथी नळी असेल तर अंक 250. रिठ्याला पहिल्याच नळीत उतू जाईल. तेव्हा काढा दहापट पातळ करून नवी मालिका लावा आणि अंकाला दहाने गुणा.

दुसरं रक्तपेशी फोडण्याचं. मेंढीचं रक्त अल्सेव्हर द्रावणात (रक्त गोठू न देणाऱ्या) घ्या, सलाइन-बफरने तीनदा धुवा, 2 टक्के पेशींचं द्रावण करा. 1 मिली पेशी, 1 मिली अर्काचं विरलन, 37 अंशांवर 30 मिनिटं. सेंट्रिफ्यूज करून वरचं पाणी 540 नॅनोमीटरला वाचा. शून्यासाठी नुसतं बफर, शंभर टक्क्यांसाठी ऊर्ध्वपातित पाणी. इथे सगळे एकच चूक करतात: अर्क साध्या पाण्यात बनवून थेट घालतात. साध्या पाण्यानंच पेशी फुटतात! विरलन बफरमध्येच करा. अर्क आंबट असतो, सामू 7.4 वर आणा. आणि अर्काचा स्वतःचा तपकिरी रंग वेगळ्या नळीत, पेशी न घालता वाचून वजा करा.

पेशी_मास्तर
यात ज्येष्ठमधाची निवड झकास. फेस येतो पण त्याचं ग्लायसिरायझिन पेशी फारशा फोडत नाही. म्हणजे फेस आणि पेशी फोडणं हेसुद्धा एक नव्हे, हे आलेखावर उघड दिसेल. मी तिसरी नळी सुचवतो: रिठ्याच्या अर्कात अल्कोहोलमध्ये विरघळवलेलं कोलेस्टेरॉल आधी मिसळा, अर्धा तास ठेवा, मग पेशी घाला. लाली उतरेल. अल्कोहोलची वेगळी नळी ठेवायला विसरू नका. लायपोसोमची अख्खी युक्ती तेवढ्यात कळते.

कळंबा_लॅब
ठरलं. शिकेकाईचं काय? पहिल्या फेरीत पेशींचे गठ्ठे झाले.

सुई_आणि_सिरिंज
टॅनिन. ते पेशींना चिकटवतं आणि आकडा खोटा कमी येतो. अर्कात पीव्हीपीपी (टॅनिन धरून ठेवणारी) भुकटी ढवळा, गाळा, मग लावा.

वैद्य_अंबाबाई_रोड
आणि रिठा कुटताना बी काढून टाका, नुसतं साल घ्या. बीत तेल असतं, ते फेस मारतं. मग पोरं म्हणतील रिठाच भेसळीचा.